जवळच्या अक्षरांचा चष्मा

दुसऱ्या डोळ्याची पट्टी सोडली तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतून मला समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसली, टाकीवर बसलेला कावळा दिसला आणि त्याच्या चोचीत काहीतरी होतं तेही दिसलं. मी मनातून खूश झाले. मग सिस्टरनं थेंबांच्या औषधाची चिठ्ठी हातात दिली. चिठ्ठीवर काही नव्हतं. म्हणजे होतं, पण पावसात भिजलेल्या कागदासारखं काळं काळं नुसतं पसरलेलं. मी चिठ्ठी नाकाजवळ नेली, कारण आधी मी नेहमी तसंच वाचायची. नाकाजवळ नेल्यावर तर तेवढंही दिसेना.

मला वाटलं, पट्टी आजच सुटली आहे, होईल हळूहळू. घरी आले. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. बांधावरून कोण येतंय ते मी सुनेच्या आधी सांगायला लागले. पण ग्रंथ उघडला की पान कोरं नाही एवढंच कळायचं.

ही वही कोणाला दाखवायची नाही. पण जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे, कारण दवाखान्याच्या कागदावर ते नीट लिहिलेलं नव्हतं.

आमचं गाव ताडकळसच्या बाजूला. वस्तीत बुद्धविहार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. बाया दिवसभराचं खुरपण करून येतात, हातपाय धुतात, पांढरं लुगडं नेसतात आणि पुढं येऊन बसतात. आधी एक रिटायर गुरुजी वाचायचे. ते मुलाकडं शहरात राहायला गेले आणि वाचणारं कोणी उरलं नाही. शिकलेली पोरं पुण्याला. जी गावात आहेत त्यांना रोज बसायला जमत नाही. तेव्हा माझ्या मालकांनी मला न विचारता सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आमच्या घरी वाचणारं माणूस आहे.

मी चौथी शिकलेली. शाळा सुटली पण वाचणं सुटलं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचून मगच चुलीत घालायची. पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. अजून होतो. त्या पहिल्या दिवशी मी ग्रंथ तोंडासमोर धरला. मला कोणी दिसत नव्हतं, मी कोणाला दिसत नव्हते. बोलायचं होतं तेही माझं नव्हतं. आवाज निघाला. मागच्या पुरुषांतून कोणीतरी म्हणालं, "ऐकू यायलंय, वाचा." तेव्हापासून दहा वर्षं होत आली. मालक आता नाहीत. वाचन मात्र एकाही वर्षी चुकलं नव्हतं.

डोळे दोन्ही गेले ते गेल्या तीन-चार वर्षांत. उजवा आधी पिकला, बाहुली पांढरी दिसायला लागली. डावाही धुरकट झाला, पण त्याची एक गंमत होती. समोरून येणारं माणूस ओळखू यायचं नाही, पण अक्षर नाकाला लावलं की साफ दिसायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं की मोतीबिंदूत काही जणांचं असं होतं. मी ग्रंथाला नाक लावून वाचायची. बाया हसायच्या.

"वाचायलीस का वास घ्यायलीस गं?"

मी हसून पान उलटायची.

गेल्या वर्षी गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती आणि मी सोबतच गेलो. दोघींच्याही एकेका डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दवाखान्याची गाडी आली, घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी आणून सोडलं. खोटं का लिहू, फार चांगलं केलं. सिस्टर हाताला धरून संडासापर्यंत नेत होती. कोणी वसकन अंगावर आलं नाही.

निघताना एका साहेबांनी सगळ्यांचे कागद भरले. चाळिशीचे, खिशाला दोन पेन. सेवा कशी वाटली, तुम्ही समाधानी आहात का, असा तो कागद. अक्काला नाव विचारलं, वय विचारलं आणि शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलं. "अडाणी ना?" अक्का म्हणाली, "व्हय बाबा." तिनं अंगठा उमटवला. मग मी. साहेबांनी काही न विचारता शाईचा डबा माझ्यापुढं सरकवला.

मी पेन मागायला पाहिजे होता. पण अक्का बाजूलाच पदराला बोट पुसत उभी होती. थोरल्या जावेनं अंगठा द्यायचा आणि धाकटीनं तिच्यादेखत पेन मागायचा, हे आमच्यात बरं दिसत नाही. ग्रामसभेच्या वहीतसुद्धा अक्का पुढं असली तर मी अंगठाच देते. तिथंही दिला. समाधानी होतेच, त्यामुळं त्यात खोटं काही वाटलं नाही. माझ्या नावापुढं निरक्षर लिहिलं गेलं आणि मी ते लिहू दिलं. डाव्या डोळ्याचं जवळचं तेव्हा शाबूत होतं, मी घरी येऊन नेहमीसारखी वाचत राहिले.

या वर्षी उन्हाळ्यात दोघींचाही दुसरा डोळा झाला, आणि माझं जवळचं गेलं.

विहाराच्या समितीचे अध्यक्ष नात्यानं माझे चुलत दीर. आषाढ पौर्णिमेला महिना राहिला होता तेव्हा ते घरी आले. मी त्यांना खरं सांगितलं.

"काही फिकीर करू नका वैनी," ते म्हणाले. "आता मोबाईलवर सगळा ग्रंथ वाचलेला मिळतो. तार लावून डबड्याला जोडू. आवाज बी मोठा, तुमाला तरास बी न्हाई."

डबडं म्हणजे विहारातला स्पीकर. त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं. मी चहा केला. ते चहा पिऊन गेले आणि मी कप तसाच हातात धरून बसले. मला दुसरं काही नको होतं. घर सुनेच्या हातात आहे, शेत मुलाच्या. मला संध्याकाळचा तो एक तास पाहिजे होता, आणि तो आता एक मोबाईल घेणार होता.

त्याच आठवड्यात दवाखान्याची माणसं तपासणीला शाळेत आली. भिंतीला तक्ता लावला. त्यावर कंगव्यासारखी चिन्हं असतात, कंगव्याचे दात कोणीकडं आहेत ते हातानं दाखवायचं. मी खालच्या ओळीपर्यंत सगळे दाखवले. कागदवाले साहेब तेच होते.

"शंभर टक्के!" ते म्हणाले. "एकदम कामयाब ऑपरेशन. या आज्जी, इकडं अंगठा द्या."

"जवळचं दिसंना," मी म्हणाले.

"आं? जरा मोठ्यानं."

"जवळचं. दिसंना."

"जवळचं काय बघायचंय तुमाला आता? रस्ता दिसतो, माणूस दिसतो, शेत दिसतं. झालं की."

रांगेतल्या बाया हसल्या. अक्का मागं उभी होती, ती म्हणाली, "भाकर काय न्याहाळून खातीस काय गं?" सगळ्या अजून हसल्या. मीही थोडी हसले असेन. साहेबांनी माझं मनगट धरलं आणि हात शाईच्या डब्याकडं नेला. दिवसभरात पन्नास हात असे नेले असतील त्यांनी, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी मूठ मिटली. साठीच्या बाईनं लेकरासारखी मूठ मिटली.

"आता कामून? काय झालं?"

"काय लिवलंय ते वाचून दावा."

"आज्जी, माणसं खोळंबलीत."

"वाचून दावा."

त्यांनी एका दमात वाचलं. नाव, वय, शिक्षण निरक्षर, दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम, मिळालेल्या सेवेबद्दल पूर्ण समाधानी.

घसा बंद पडायच्या आत बोलून घ्यावं म्हणून मी भराभर बोलले. "मी निरक्षर न्हाई. चौथी झालेय. मी विहारात ग्रंथ वाचते आन् आता मला वाचता येईना. म्हून मी समाधानी बी न्हाई."

साहेबांनी जुना गठ्ठा चाळला आणि गेल्या वर्षीचा कागद काढून माझ्यापुढं धरला. "हे बघा. तुमीच अंगठा दिलाय. निरक्षर, समाधानी."

"दिला होता. ते माझं चुकलं."

हे मी अक्काच्या देखत बोलले. तिच्याकडं बघितलं नाही.

साहेब आवाज खाली करून म्हणाले, "असं न्हाई लिवलं की मला वरून विचारणा होती, आज्जी."

"मग होऊ द्या की. त्यांनी मला विचारावं."

शेवटी ते म्हणाले की चष्म्याचा नंबर इथं निघत नाही, दवाखान्यात यावं लागेल, सोमवारी या. मी म्हणाले, कागद माझ्याजवळ द्या. ते म्हणाले, भरलेला कागद देता येत नाही. मी म्हणाले, मग कोरा द्या. त्यांनी कोरा दिला. मी एकदाची जावी म्हणून दिला असेल, पण दिला. मी तो घडी घालून पोलक्यात ठेवला.

घराकडं येताना अक्काचं तोंड सुटलं.

"लोकांनी फुकट डोळे दिले आन् तू त्यांच्या तोंडावर नावं ठिवतीस? पुढच्या साली गाडीच आली न्हाई गावात, मग? ज्यांचं ऱ्हायलंय त्यांनी कुणाला बोलायचं? तुलाच बोलतील."

ती भीती मलाही होती. गावात अजून सात-आठ जणींचे डोळे व्हायचे होते. पण मला असंही वाटलं की फुकट दिलेल्या वस्तूला सुद्धा माणूस हात लावून बघतं की ती नीट आहे का. एवढंच मी म्हणाले. अक्का तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर कोंबडीला बोलली, "जा बाई, तू शिकलेली."

सोमवारी मुलगा म्हणाला, मी येतो. मी नको म्हणाले. तो आला असता तर तोच बोलला असता आणि मी मागं उभी राहिले असते. ताडकळसहून एसटीनं गेले. खिडकीतून पाट्या वाचत गेले, आता दूरच्या पाट्या दिसत होत्या. दवाखान्यात चष्म्याच्या खोलीबाहेर बाकड्यावर नंबर लावून बसले. जेवणाच्या सुट्टीनंतर माझं नाव आलं.

आत एक बाई होत्या, माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी फाईल उघडली.

"जवळचा चष्मा पाहिजे म्हणता? पण यात तर निरक्षर लिवलंय."

"फाईल चुकली."

"अडाणी पेशंटचा जवळचा नंबर आमी काढत न्हाई, आज्जी. कुणी मागतच न्हाई ना."

"मागत न्हाईत, का तुमी विचारत न्हाई?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. बाई रागावल्या नाहीत. एक जड लोखंडी चष्मा त्यांनी माझ्या नाकावर ठेवला, त्यात एकेक भिंग घालत गेल्या आणि हातात कार्ड दिलं. आधी पसरलेलं काळं दिसलं. दुसऱ्या भिंगाला ओळी दिसल्या. चौथ्या भिंगाला काना, मात्रा, वेलांटी, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

कार्डावर काही मोठं नव्हतं. सकाळी लवकर उठावे, विहिरीचे पाणी गाळून घ्यावे, असलंच काहीतरी होतं. पण मी दोन महिन्यांत अक्षर वाचलं नव्हतं. मी वाचायला लागले आणि माझा विहारातला आवाज लागला. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचत गेले. बाहेरच्या बाकड्यावरचा एक म्हातारा दारातून डोकावला. बाजूच्या खोलीतून डॉक्टरीणबाई उठून आल्या.

"कोण वाचतंय?"

चष्म्याच्या बाईंनी माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. डोळ्यात घातलेलं भिंग दूरचं दिसण्यासाठी असतं. जवळच्या कामाला वेगळा चष्मा लागतोच. सगळ्यांनाच लागतो. मी विचारलं, मग सगळ्यांना देत का नाही? त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं. शिबिरात राहून जातं. तुमी हे लिहून द्या, म्हणजे मला पुढं दाखवता येईल." आणि माझ्यासमोर फाईलवरचं निरक्षर खोडून त्यांनी इयत्ता चौथी लिहिलं. चष्मा तयार झाला की गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या हाती पाठवू, दोन-तीन आठवडे लागतील, म्हणाल्या.

आषाढ पौर्णिमा आली तेव्हा चष्मा आला नव्हता. विहारात मोबाईल लागला. वाचणारा माणूस चांगला होता, पण त्याला फार घाई होती. आमच्या बाया एखाद्या ओळीला "पुन्यांदा वाच गं" म्हणतात, ते त्याला कोणी म्हणू शकत नव्हतं. चौथ्या दिवशी उपदेश चालू असताना मधेच साबणाची जाहिरात लागली. पोरं खिदळली. अध्यक्ष उठले, पण त्यांना ती बंद करता येईना, जाहिरात पूर्ण झाली तेव्हाच ग्रंथ पुढं सरकला. मी पुढच्या ओळीत बसून सगळं ऐकलं. मला राग आला होता आणि थोडं बरंही वाटलं होतं, ते लपवून काय करू.

सातव्या दिवशी दुपारी आशाताईंनी चष्मा आणून दिला. संध्याकाळी मी पांढरं लुगडं नेसून विहारात गेले आणि नेहमी बायांत बसते ते सोडून सरळ ग्रंथापुढं जाऊन बसले. अध्यक्ष तार जोडत होते.

"वैनी, आजच्याला ऱ्हाऊ द्या. डोळ्याला सवय होऊ द्या आधी."

"भावजी, ती तार काढा."

"न्हाई, मी म्हणतो, उगं डोळ्यावर ताण..."

"काढा ती तार."

त्यांनी काढली. मी सात दिवस मागं जाऊन पहिल्या पानापासून सुरू केलं. या चष्म्यानं ग्रंथ नाकाला लावून चालत नाही, एक हात लांब धरावा लागतो. तोंड झाकलं जात नाही. सगळ्या बाया मला चष्म्यावरून दिसत होत्या आणि मी त्यांना. पहिलं अर्धं पान आवाज कापत होता. मग एक म्हातारी म्हणाली, "ती ओळ पुन्यांदा वाच गं," आणि मी वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोरा कागद काढून ओट्यावर बसले. नाव लिहिलं. शिक्षण चौथी लिहिलं. समाधानी आहात का, याच्यापुढं हो आणि नाही असे दोनच चौकोन होते. कुठल्यात खूण करावी कळेना. ऑपरेशनला हो होतं, बाकीला नाही. मी विचार करत होते तेवढ्यात अक्का अर्धी शिवलेली वाकळ घेऊन आली. तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढं धरला. उन्हाळ्यापासून ती सुई कोणाकडून तरी ओवून घेत होती, कधी माझ्या सुनेकडून, कधी शेजारणीकडून. माझ्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी सुई ओवून दिली.

"अक्का, तुला बी जवळचं दिसंना?"

"मला काय वाचायचंय?"

"सुई तर ओवायचीय."

तिनं एक टाका घातला, दुसरा घातला, तिसरा बोटात गेला. तिनं बोट तोंडात धरलं.

"तू पूर्ण समाधानी म्हून अंगठा दिलास," मी म्हणाले.

"मग काय करू? तुझ्यासारखा तमाशा करू?" ती म्हणाली. मग वाकळ बाजूला सारून माझ्याजवळ सरकली. "लिव माझं बी. सुई ओवता येईना, तांदळातला खडा दिसंना. आन् गाडी बंद करू नका म्हून लिव, ते आधी लिव."

चौकोनांपुढं जागा नव्हती, म्हणून मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं. ऑपरेशन चांगलं झालं. गाडी येत राहावी. बाईला शिक्षण काय ते विचारून चष्मा देऊ नये, हातानं काय काम करते ते विचारून द्यावा. खाली दोघींची नावं लिहिली. अक्काच्या नावापुढं सुई आणि तांदूळ लिहिलं, माझ्यापुढं ग्रंथ लिहिलं.

"झालं?" अक्का म्हणाली. "जागा हाय का अजून? चहा पानचट होता म्हून लिव."

"चहा चांगला होता अक्का. तू दोनदा घेतलास."

"मग भाजी लिव. भाजीत मीठ न्हवतं."

भाजीत मीठ नव्हतं, हे खरं होतं. ते मी लिहिलं.